धूमवर्ति, चिरूट व विडी
जुन्या लेखांतील धूम्रपानविषयक शब्दांचा कालनिर्णयास उपयोग

अकोलें तालुक्यांत राजूर येथें आमच्या एका स्नेह्यांचें दप्तर पाहण्याचा योग आला. दप्तरांतील एक संस्कृत वैद्यक पोथी त्यांनीं बासनांतून काढून निराळी ठेविली होती. कारण विचारितां त्यांनीं 'धूमवर्ति' या शब्दावर बोट ठेविलें. भोजनोत्तर धूर ओढावा असें जींत सांगितलें आहे, ती पोथी तमाखू या देशांत आल्यानंतरची, म्हणजे चारशें वर्षांच्या आंतली, व प्राचीनांच्या नांवावर कोणीं तरी रचिलेली, असा त्यांचा निकाल होता. ती रद्दींत जावयाचीच बाकी होती. याच शब्दावरून नेमका उलट निकाल देणारेही आम्हांस भेटले आहेत. चरकाच्या काळीं आपल्या देशांत तमाखू पिकत होती, असें ते मोठ्या अभिमानानें सांगतात! दोन्ही निकालांचें मूळ एकच आहे. धूर म्हटला कीं तो तमाखूचाच, हा आजचा समज जुन्या अक्षरांवर लादला जातो.

धूमवर्तीची कृति चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत पांचव्या अध्यायीं आहे. वेलची, दालचिनी, चंदन, वाळा, अगरु, गुग्गुळ इत्यादि द्रव्यें वाटून त्यांचा लेप बोरूसारख्या काडीवर द्यावयाचा. वर्ति अंगठ्याएवढी जाड, आठ अंगुळें लांब, जवाच्या दाण्यासारखी मध्यें फुगीर व टोकांस निमुळती करावयाची. ती वाळली म्हणजे आंतील काडी काढून टाकावयाची, आणि वर्तीस तूप लावून, धूमनेत्र नामक नळींत बसवून ती पेटवावयाची. स्नान, भोजन, दंतधावन, नस्य, अंजन, निद्रा यांनंतरच्या तिच्या वेळाही तेथें ठरवून दिल्या आहेत. आकारानें ही आजच्या चिरुटाची सख्खी बहीण दिसते, परंतु तिच्यांत तमाखूचा कणही नाहीं. ती औषधि होती हें खरें. तरी ती केवळ रोग्यासाठीं नव्हती. सातव्या शतकांत बाणभट्टानें कादंबरींत शूद्रक राजाचा दिनक्रम वर्णिला आहे. तेथें राजा भोजनानंतर धूमवर्ति ओढतो व मग तांबूल घेतो. सुखवस्तु पुरुषाच्या दुपारच्या विश्रांतीचा हा क्रम तमाखूच्या आगमनापूर्वीं हजार वर्षें तरी बसलेला होता. नवी वनस्पति आली ती या तयार आसनावर येऊन बसली, असें आम्हांस वाटतें.

ती कधीं आली? तमाखू मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती पश्चिम किनाऱ्यास उतरली व तेथून दक्षिणेंत पसरली. उत्तरेकडील तिच्या प्रवेशाची उत्तम साक्ष असद बेगाची आहे. विजापूरच्या राजकन्येचा शाहजादा दानियाल याच्याशीं विवाह व्हावयाचा होता. त्या कामीं अकबरानें असद बेगास विजापुरीं पाठविलें होतें. तेथें त्यास तमाखू प्रथम पाहावयास मिळाली व इ. स. १६०४ च्या सुमारास त्यानें ती आग्र्यास नेली. नळी तीन हात लांब, अचीनची, टोकांस रत्नें व मिना. मुखाशीं येमेनी अकीक. जळण्याची वाटी सोन्याची. अकबरानें थोडेसे झुरके घेतले, तोंच हकीम आडवे आले. हा हुक्का नव्हे, साधी नळी आहे, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. पाण्यांतून धूर नेण्याची युक्ति हकीम अबुल फत्ह गिलानी यानें काढिली, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. परंतु हा हकीम इ. स. १५८९ त वारला होता. दरबारास तमाखूची ओळख होण्यापूर्वीं पंधरा वर्षें जो निवर्तला, त्यानें दरबारासाठीं तमाखूचा हुक्का शोधिला, ही कथा आम्हांस पटत नाहीं. पुढें इ. स. १६१७ त जहांगिरानें तमाखूवर बंदी घातली. बंदी घालण्याजोगा प्रसार तेरा वर्षांत झाला, यावरून तिचा वेग दिसतो.

यावरून संग्राहकांस एक कसोटी मिळते. मराठी कागदांत 'तमाखू' हा शब्द असून त्यावर सोळाव्या शतकाच्या मध्यापूर्वींचा शक असेल, तर तो कागद संशयित समजावा. 'धूम' अथवा 'धूमपान' एवढेंच असेल, तर समजूं नये.

हुक्क्याचा परिवार मोठा. चिलीम, नेचा, मोहनाळ, गुळांत मळलेला गुडाखू हे शब्द वस्तूंच्या यादींत आले म्हणजे घर थोरामोठ्याचें समजावें. कारण हुक्क्यामागें तो भरणारा व सांभाळणारा हुक्काबरदार लागे. इंग्रजांसही हें व्यसन जडलें. कलकत्त्यास इ. स. १७७९ त हेस्टिंग्ज दांपत्याच्या निमंत्रणांत पाहुण्यांनीं हुक्काबरदाराखेरीज इतर चाकर आणूं नयेत, अशी विनंति होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मात्र साहेबाच्या हातांतील नळी सुटून चिरूट आला. चाकर नको, निखारा नको, घोड्यावर बसल्या बसल्या ओढतां येतो. 'चिरूट' हा शब्द तामिळ 'शुरुट्टु', म्हणजे गुंडाळी, यापासून झाला. तिरुचिरापल्ली व दिंडुगल हीं त्याचीं प्रसिद्ध ठिकाणें.

सर्वांत फसवा शब्द 'विडी'. संस्कृत 'वीटिका' म्हणजे पानाची गुंडाळी. तिचा 'विडा' झाला, आणि लहान तो 'विडी'. 'विडे दिले' म्हणजे पानसुपारीनें सत्कार केला. 'विडा उचलला' म्हणजे काम पत्करलें. तमाखूच्या विडीनें हें नांव नागवेलीच्या पानाकडून उसनें घेतलें आहे. म्हणून जुन्या खर्चाच्या यादींत 'विडी' आली तर शेजारीं काय आहे तें पाहावें. कात, चुना, सुपारी असेल तर तेथें धुराचा संबंध नाहीं.

आमच्या स्नेह्यांस हें सर्व सांगत होतों तें त्यांच्या ओटीवर बसून. अकोलें-संगमनेर भागांत विड्या वळण्याचें काम पुष्कळ बायकांनीं केलें आहे. टेंभुर्णीचें पान कातरून, तमाखू भरून, दोऱ्यानें बांधावयाची. काडी नाहीं, तूप नाहीं, चंदन नाहीं. शूद्रकाच्या वर्तीचा तो गरिबाघरचा अवतार म्हणावयाचा, तर त्यांत तिच्याकडून आलेलें असें आकारावांचून कांहींच नाहीं. आणि ती वळणारीच्या वांट्यास दुपारची विश्रांति तर नाहींच.

पोथी पुन्हां बासनांत गेली. तिचें शेवटचें पान गहाळ आहे, त्यामुळें लेखनाचा शक मिळत नाहीं. कागद व अक्षराचें वळण यांवरूनच तिचा काळ ठरवावा लागेल.