काळं की गर्द हिरवं?

लायोनेल कंपनीचं 2332 क्रमांकाचं खेळण्यातलं इंजिन विकायला आलं, की जाणकार माणूस किंमत विचारण्याआधी ते उन्हात नेतो. 1947 साली निघालेली ही इंजिनं जवळजवळ सगळी गर्द हिरवी. थोडी मात्र काळी निघाली, आणि संग्राहकांची सगळी धडपड त्या थोड्यांसाठी. पंचाईत अशी, की हा हिरवा दिव्याच्या पिवळ्या उजेडात काळाच दिसतो. म्हणून शेजारी एखादी नक्की काळी वस्तू ठेवायची आणि भर उन्हात दोन्ही ताडून बघायच्या. बरीच ‘दुर्मिळ काळी’ इंजिनं तिथेच हिरवी ठरतात.

या गोंधळाचं मूळ खऱ्या इंजिनातच आहे. पेनसिल्व्हेनिया रेलरोडची विजेवर चालणारी जीजी-1 इंजिनं 1934 ते 1943 या काळात बांधली गेली, एकूण 139. रेमंड लोवी या डिझायनरने रिव्हेटऐवजी वेल्डिंग सुचवून त्यांचं अंग गुळगुळीत केलं आणि त्यावरून पाच सोनेरी पट्टे ओढले. त्यांचा हिरवाही काळ्याला टेकलेलाच. लायोनेलने त्याचीच छोटी नक्कल केली.

उन्हात काळं ठरलं म्हणजे जिंकलं, असं मात्र नाही. हिरवं इंजिन घरी काळं रंगवणं अवघड नाही. म्हणून पुढची तपासणी रंगाच्या पोटात: स्क्रूच्या भोकांच्या कडा, टवके उडालेले कोपरे, सांगाड्याची आतली बाजू. टवक्याखाली धातूऐवजी हिरवा डोकावला की प्रकरण संपलं. अतिनील दिव्याखालीही जुना आणि नवा रंग पुष्कळदा वेगवेगळे चमकतात. पट्ट्यांकडे मी स्वतः संशयानेच बघेन. हाताळून झिजणारा सोनेरी पट्टा जुन्या इंजिनावर कोरा करकरीत असेल, तर तो कुणी आणि कधी मारला हे विचारायलाच हवं.

जोशुआ लायोनेल कोवेनने 1900 साली न्यूयॉर्कमध्ये ही कंपनी काढली. पुढे न्यूजर्सीतल्या इर्व्हिंग्टनच्या कारखान्यात इंजिनं बनत. संग्राहक ज्याला ‘प्रकार’ म्हणून जपतात, ती पुष्कळदा त्या कारखान्याची निव्वळ अडचण असते. 1950 साली कंपनीने चाकं रुळाला चिकटून राहावीत म्हणून इंजिनात लोहचुंबक बसवायला सुरुवात केली. कोरियन युद्धामुळे त्या चुंबकाच्या मिश्रधातूची टंचाई झाली, म्हणून 1952 साली काही इंजिनं चुंबकाविनाच निघाली. 671 आणि 726 हे जुने क्रमांक परत आले, पुढे ‘आरआर’ लावून. आता अक्षरं छापणं सोपं आहे. म्हणून क्रमांक वाचून थांबायचं नाही, इंजिन उलटं करून तळाशी चुंबक आहे का, तेही बघायचं.

खेळण्यातल्या इंजिनातून निघणाऱ्या धुराचंही तसंच. 1946च्या 671 इंजिनात धुराची गोळी दिव्याच्या काचेवरच्या खळग्यात ठेवत आणि दिव्याच्या उष्णतेने ती वितळे. धूर बेताचाच निघे. पुढच्या वर्षी दिवा जाऊन तापणारी तार आली. पहिल्या वर्षाचं इंजिन म्हणून कुणी विकत असेल, तर आत दिवा हवा. अर्थात तो पुढे बदललेलाही असू शकतो, आणि मग वाद रंगतात.

सगळ्यात गमतीदार प्रकरण 1957चं. मुलींसाठी म्हणून लायोनेलने गुलाबी इंजिन आणि फिक्या रंगांच्या डब्यांची गाडी काढली. मुलींना ती नकोच होती. त्यांना भावांसारखंच काळं इंजिन हवं होतं, असं सांगतात, आणि मला ते सहज पटतं. गाडी पडून राहिली आणि त्यामुळेच आज महाग झाली. इंजिन मुळात 2037च, काळं आणि मुबलक मिळणारं. यादीत गुलाबीला 2037-500 असा वेगळा क्रमांक आहे, पण इंजिनाच्या अंगावर नुसतं 2037. म्हणजे साधं इंजिन घ्या, गुलाबी रंगवा, दाम वाढवा. इथेही भोकांच्या कडा आणि सांगाड्याची आतली बाजू बघावी लागते, शिवाय टेंडर (इंजिनामागचा कोळशाचा डबा) आणि बाकीचे डबे त्याच गाडीचे आहेत का, हेही. मूळ खोकं सोबत असेल तर ते जपून उघडावं. पण खोकीही स्वतंत्रपणे विकली जातात, तेव्हा खोकं खरं म्हणून इंजिन खरं, असं धरून चालत नाही.