दोन राज्यांच्या उंबरठ्यावरील चौदा गावे

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ साली, पोलंडच्या सीमा पश्चिमेकडे सरकविण्यात आल्या आणि लाखो माणसांना घरदार सोडून नव्या रेषेमागे जावे लागले. चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्याच्या चौदा गावांचे भागधेय निराळे. येथे माणसे जागच्या जागी राहिली. त्यांच्यावरील सत्ता मात्र दुहेरी झाली.

महाराजगुडा, मुकदमगुडा, परमडोली आदी ही गावे माणिकगडच्या डोंगरपट्ट्यात वसली आहेत. गोंड-कोलामांचा हा मुलूख पूर्वी हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा त्या जिल्ह्यातील राजुरा तालुका मुंबई राज्यात आला. प्रथम नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ पासून चांदा जिल्ह्यात. आदिलाबाद आंध्र प्रदेशाकडे गेला. सरहद्दीवरील या गावांवर मात्र दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. २०१४ साली तेलंगणाची निर्मिती झाली व आंध्रचा दावा त्या राज्याकडे आला.

परिणामी एकाच वस्तीत दोन राज्यांच्या शाळा, एकाच घरात दोन शिधापत्रिका आणि एकाच माणसाचे नाव दोन मतदारयाद्यांत, अशी विलक्षण स्थिती उद्भवली. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावचा सीमाप्रश्न तापला असता, महाराजगुड्यातील एका घरामधूनच सीमारेषा जाते व त्या कुटुंबास दोन्हीकडे कर भरावा लागतो, ही हकीकत वृत्तपत्रांतून सर्वत्र गाजली.

दुरून पाहणाऱ्यास हा दुहेरी लाभ वाटेल. वस्तुतः तो अनिश्चिततेचाच पुरावा होय. धान्य व अनुदान दोन सरकारे वाटू शकतात. जमिनीची मालकी मात्र एकाच दप्तरी निर्विवादपणे नोंदली जावी लागते. पट्टा हाती नसेल, तर बँकेपुढे तारण ठेवण्यास काही उरत नाही, शेतकरी सावकाराकडे वळतो आणि जी जमीन उद्या आपली राहील याची शाश्वती नाही, तीत विहीर खणण्याचे धाडस तो करीत नाही. या गावांची जमिनीच्या पट्ट्यांसाठीची मागणी म्हणूनच मूलभूत ठरते.

सीमेचा अंतिम निर्णय यथावकाश होईल. तोवर उभय राज्यांनी संयुक्त मोजणी करून कसणाऱ्याचा हक्क नोंदवावा आणि गाव कोणाकडेही गेले तरी ती नोंद मान्य करण्याचे अभिवचन द्यावे. दोन सरकारांचे धान्य घेणाऱ्या गावकऱ्यास एका तरी सरकारचा सातबारा मिळावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.