घरी बांधलेली मोटार आणि ब्रेक ऑइलची बाटली

कला शाखेच्या वार्षिकात मोटारीच्या ब्रेकवर लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु स्वतःच्या हातांनी मोटार बांधण्याचा छंद इंग्लंडात वाढला तो काही केवळ इंजिनियर मंडळींमुळे नव्हे. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ ही छोटी, उघडी मोटार काढली. ती सुट्या भागांच्या रूपात घेतली तर खरेदीकर पडत नसे, म्हणून पुष्कळांनी ती घरीच जोडली. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. पुढे १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी अशा धर्तीची मोटार अवघ्या अडीचशे पौंडांत कशी बांधावी, याचे पुस्तकच लिहिले. चौकोनी नळ्यांचा सांगाडा स्वतः जोडायचा आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग काढून त्यावर बसवायचे, अशी ही रीत.

अडचण उभी राहते ती येथेच. एस्कॉर्टचा मास्टर सिलिंडर आणि त्याच्या डोक्यावरची ब्रेक ऑइलची टाकी उंच बॉनेटच्या हिशेबाने केलेली. घरी बांधलेल्या गाडीचे बॉनेट गुडघ्याच्या थोडे वर. मग टाकी तरी बॉनेटला अडते, नाहीतर सांगाड्याच्या नळ्यांमागे अशी दडते की, तिचे झाकण उघडायला हात शिरत नाही. यावर उपाय म्हणजे टाकी सिलिंडरवरून काढायची, तिच्या जागी नळीचे तोंड बसवायचे आणि वेगळी बाटली सोयीच्या जागी लावून रबरी होजने जोडायची. आपल्याकडे बाहा स्पर्धेसाठी गाड्या बांधणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही हाच प्रश्न पडतो.

काम दिसते अर्ध्या तासाचे. परंतु ही बाटली नेमके काय करते, हे ठाऊक नसेल तर ते जिवावर बेतू शकते.

पेडल दाबले की सिलिंडरातील दट्ट्या पुढे सरकतो व बाटलीकडून येणारे बारीक छिद्र बंद करतो. तेथून पुढचे द्रव कोंडले जाते आणि पास्कलच्या नियमाप्रमाणे त्याचा दाब चारही चाकांपर्यंत पोचतो. म्हणजे ब्रेक लागलेला असताना बाटलीचा त्याच्याशी संबंधच नसतो. तिच्यात दाब असा कधी नसतोच. तिचे काम पाय उचलल्यानंतर सुरू होते. दट्ट्या मागे येतो, छिद्र उघडते, कमी पडलेले द्रव खाली उतरते आणि तापून फुगलेले द्रव वर जाते. पॅड झिजत जातात तसतसे कॅलिपरचे दट्टे बाहेर येऊन राहतात; त्यांच्यामागची पोकळी हीच बाटली भरून काढते. हिशेब करून पाहा : ५४ मिलिमीटर व्यासाचे चार दट्टे प्रत्येकी ८ मिलिमीटर बाहेर आले, तर सुमारे ७३ घन सेंटिमीटर द्रव लागते, म्हणजे एक कटिंग चहा. शोभेची इवलीशी बाटली लावणाऱ्यांनी एवढा हिशेब तरी करावा.

हे द्रव उतरते ते केवळ स्वतःच्या वजनाने. म्हणून बाटली सिलिंडरपेक्षा उंच हवी आणि होज बाटलीपासून सिलिंडरपर्यंत सतत उतरता हवा. वाटेत एखाद्या नळीवरून त्याला कमान दिली की, त्या कमानीत हवा अडकते आणि ती आज ना उद्या सिलिंडरात शिरते. द्रव दबत नाही, हवा दबते. पेडल स्पंजासारखे लागते. बाटली पसरट नसावी, उभट असावी. जोराचा ब्रेक लागला की आतील द्रव पुढे चढते, आणि उथळ बाटलीत तळाचे छिद्र उघडे पडू शकते.

होज कोणता, याबाबत फार बेफिकिरी दिसते. ज्याला आपण सरसकट ब्रेक ऑइल म्हणतो ते तेल नव्हेच. ते ग्लायकोल वर्गातील द्रव आहे. पेट्रोलसाठी बनविलेला नायट्राइल रबराचा होज त्यात फुगतो, मऊ पडतो. येथे ईपीडीएम रबराचा, ब्रेकसाठीच बनविलेला होज हवा. द्रव रंगावर सांडले तर रंगही उखडते, तेव्हा पाण्याने लगेच धुवावे. शिवाय ते हवेतील ओल शोषते. डॉट-४ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओल धरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश. म्हणून झाकणात रबरी पडदा असलेली बाटली घ्यावी आणि ती धुराड्याच्या नळीपासून लांब ठेवावी.

आता सर्वांत घातक गोष्ट. हल्लीच्या मास्टर सिलिंडरात दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक फुटला तरी दुसऱ्याने गाडी थांबावी, हा त्यातला हेतू. सिलिंडरला त्यासाठी दोन तोंडे असतात. बाटलीला मात्र तोंड एकच, म्हणून काही जण टी-जोड लावून एकाच होजवर दोन्ही भागवतात. गाडी चालते, ब्रेकही उत्तम लागतो. पण एका चाकाची नळी गळू लागली की, तिच्यावाटे संपूर्ण बाटली रिकामी होते आणि हळूहळू दुसरा मार्गही कोरडा पडतो. दोन मार्ग ठेवण्याचा अर्थच दोन रुपयांच्या टी-जोडाने पुसला जातो. एक तर दोन बाटल्या लावाव्यात, नाहीतर आत पडदी व तळाला दोन तोंडे असलेली बाटली घ्यावी. कंपन्यांच्या गाड्यांत क्लचलाही पुष्कळदा याच टाकीतून द्रव देतात; पण क्लचचे तोंड बाजूला, वरच्या अंगास असते, म्हणजे क्लच गळला तरी खालचे द्रव ब्रेकसाठी शिल्लक राहते. हा शहाणपणा उचलण्याजोगा आहे.

सारे जोडून झाल्यावर हवा काढावी, क्लिपा आवळाव्यात आणि एकाने पेडल जोराने दाबून धरले असता दुसऱ्याने प्रत्येक जोडाला कोरडे फडके लावून पाहावे. झाकण न उघडता पातळी दिसली पाहिजे. बाटली पारदर्शक नसेल, तर तरंगता खटका व समोर लाल दिवा हवा. झाकणावर दाबण्याची कळ असेल, तर ती दाबून दिवा खरोखर लागतो की नाही, हे गाडी बाहेर काढण्यापूर्वी पाहून घ्यावे.