संकेतस्थळाची परिभाषा : वैद्य व औषधविक्रेत्यांसाठी

शार्ङ्गधर संहितेच्या आरंभीच परिभाषाध्याय येतो. मान ठाऊक नसता क्वाथ सिद्ध होत नाही, हे वैद्यवर्गास सांगावयास नको. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र आपले कित्येक व्यवसायबंधू परिभाषा न जाणताच व्यवहार करतात. संकेतस्थळ कोणी तयार करून दिले हे त्यांना सांगता येते. ते कोणाच्या नावे नोंदलेले आहे हे सांगता येत नाही. यास्तव काही मूलभूत शब्दांची ओळख येथे करून देत आहोत.

डोमेन : संकेतस्थळाचे नाव, म्हणजे दवाखान्याची पाटी. ते कायमचे विकत मिळत नाही. साधारणतः १ ते १० वर्षांच्या मुदतीने नोंदवावे लागते व वेळेवर नूतनीकरण करावे लागते. तसे न केल्यास काही काळाने ते दुसरा कोणीही घेऊ शकतो. २०१४ पासून 'डॉट भारत' अशी देवनागरी नावेही नोंदवता येतात.

होस्टिंग : मजकूर व छायाचित्रे ज्या अखंड चालणाऱ्या संगणकावर ठेवली जातात तो सर्व्हर आणि त्यावरील भाड्याची जागा म्हणजे होस्टिंग. पाटी व जागा या भिन्न गोष्टी आहेत. नाव आपल्या ताब्यात असेल, तर जागा बदलूनही पाटी तीच ठेवता येते.

ब्राउझर व यूआरएल : ज्या साधनाने पृष्ठ पाहतात तो ब्राउझर, त्या पृष्ठाचा संपूर्ण पत्ता म्हणजे यूआरएल. पत्त्याच्या आरंभी एचटीटीपीएस असल्यास रुग्णाने भरलेली माहिती सांकेतिक रूपात जाते, वाटेत कोणास वाचता येत नाही. अर्थात, संकेतस्थळाचा मालक विश्वासू असल्याची ही ग्वाही नव्हे.

ब्लॉग : 'वेबलॉग' हा शब्द १९९७ मध्ये रूढ होऊ लागला, १९९९ मध्ये त्याचा 'ब्लॉग' झाला. त्यातील प्रत्येक लेख म्हणजे पोस्ट. नवी पोस्ट सहसा सर्वांत वर दिसते. ऋतुचर्या, पथ्यापथ्य अशा कालानुरूप लेखनास हा प्रकार सोयीचा आहे.

बॅकअप : मजकुराची स्वतःजवळ ठेवलेली प्रत. फुकट मिळालेली जागा ही परक्याची जागा असते. याहूने २००९ मध्ये जपान वगळता जिओसिटीज ही मोफत सेवा बंद केली, तेव्हा ज्यांनी प्रत ठेवली नव्हती त्यांच्या हाती फारसे काही उरले नाही.

आणखी एक शब्द आपल्या परिचयाचा आहे : जाहिरात. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ यातील जाहिरातीची व्याख्या व्यापक असून केवळ छापील मजकुरापुरती मर्यादित नाही. अनुसूचीत मधुमेह, कर्करोग आदी व्याधी आहेत. त्या बऱ्या करण्याचा दावा भित्तिपत्रकावर चालत नाही, तसा संकेतस्थळावरही चालतो असे समजू नये. मजकूर दुसऱ्याने लिहिला असला तरी त्याखाली नाव आपले असते.

संकेतस्थळ बांधण्याचे काम जाणकारावर अवश्य सोपवावे. परंतु डोमेन स्वतःच्या अथवा संस्थेच्या नावे नोंदवावे, नोंदणीस स्वतःचा ई-मेल द्यावा, पासवर्ड व मुदतीची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवावी. दवाखान्याचा भाडेकरार जितक्या दक्षतेने जपतो, तितकीच दक्षता येथेही हवी. कारण रुग्ण आपणांस ज्या नावाने शोधतो, ते नाव आपल्याच हाती असले पाहिजे.