मोटारीचे कर्ज : हप्ता वाईट महिन्यावर बेतावा

गेल्या काही महिन्यांत आमच्या वाचकांपैकी तिघाचौघांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला : “फादर, गाडी घ्यायची आहे. बँक कर्ज द्यायला तयार आहे. घ्यावे की नको?” हे पान शेतीचे व आरोग्याचे आहे, मोटारींचे नव्हे. तथापि हप्त्यासाठी भाट विकण्याची पाळी येते तेव्हा कर्ज ही शेतीची गोष्ट होते, आणि हप्त्याच्या काळजीने झोप उडते, रक्तदाब वाढतो तेव्हा ती आरोग्याची होते. म्हणून या वेळी हाच विषय घेत आहोत.

आम्ही कर्जाच्या विरोधात नाही. घरात म्हातारे माणूस आहे, इस्पितळ लांब आहे, संध्याकाळनंतर गावात बस येत नाही, अशा घराला गाडी ही चैन नव्हे. प्रश्न कर्ज काढावे की नाही एवढाच नसतो. ते किती काढावे आणि कशाच्या भरवशावर काढावे, हा खरा प्रश्न आहे.

डिचोलीने शिकवलेला धडा

याचे उत्तर आपल्या डोळ्यांसमोर घडून गेले आहे. चीनमधून लोहखनिजाची मागणी वाढली त्या वर्षांत डिचोली, सत्तरी व सांगे या भागांतील कितीतरी कुटुंबांनी कर्ज काढून ट्रक घेतले. खाणीवरून माल भरायचा, नदीकाठच्या धक्क्यावर ओतायचा, तेथून बार्जीने तो मुरगावला जायचा. दिवसाला जितक्या खेपा तितके पैसे. हप्ता भरूनही हातात रक्कम उरत असे, म्हणून काहींनी पहिला ट्रक फिटण्याआधीच दुसरा घेतला.

१० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचाही तसाच आदेश आला. खेपा बंद झाल्या, हप्ते मात्र चालू राहिले. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने अटी घालून बंदी उठवली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाली आणि मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा थांबले. घराशेजारी माडाखाली उभे केलेले, टायर बसलेले ट्रक आम्ही पाहिले आहेत. विकायला काढावेत तर सगळ्यांनीच एकदम काढलेले, मग घेणार कोण? सरकारने २०१४ साली खाणग्रस्त कर्जदारांसाठी सवलतीची योजना काढली. तिचा आधार झाला, पण गेलेली वर्षे व विकलेले सोने परत आले नाही.

ही माणसे आळशी नव्हती, उधळीही नव्हती. त्यांची चूक एवढीच, की हप्ता भरभराटीच्या महिन्यावर बेतला होता आणि सारी मिळकत एकाच ठिकाणाहून येत होती.

पेडण्यात आज काय दिसते

मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथे विमाने उतरू लागली. पेडण्याच्या अनेक तरुणांनी टॅक्सीचा विचार केला, काहींनी गाड्या घेतल्याही. उद्योग चांगला आहे. पण हरमल, मोरजी, मांद्रे येथील पर्यटनाचा हंगाम सरला, पाऊस सुरू झाला, की भाडी कमी होतात. हप्ता मात्र जूनमध्ये व डिसेंबरमध्ये सारखाच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा तर भाडी पार बंद झाली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, पण व्याज चालूच राहिले, हे अनेकांना नंतर कळले.

आधी घरचा हिशेब

एक कुटुंब उदाहरणादाखल घेऊ. पगार २८,००० रुपये, घरखर्च १९,०००. शिल्लक ९,०००. शिवाय काजूच्या हंगामात वर्षाला ६०,००० येतात, म्हणजे सरासरीने महिन्याला ५,०००. घरधनी म्हणतो, “महिन्याला चौदा हजार उरतात, साडेबारा हजारांचा हप्ता सहज भरीन.” येथेच पाय घसरतो. काजूचे पैसे उन्हाळ्यात येतात आणि एखाद्या वर्षी मोहोर गळला तर येतही नाहीत. ऑगस्टमध्ये हातात उरतात ते नऊ हजारच.

आता गाडीचा खर्च पाहा. महिन्याला ५०० किलोमीटर धावली आणि लिटरला १८ किलोमीटर गेली तर सुमारे २८ लिटर पेट्रोल लागते. लिटरला १०० रुपये धरले तर २,८००. विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी यांसाठी वर्षाला ३०,००० म्हणजे महिन्याला २,५००. औषधपाण्यासाठी १,००० बाजूला ठेवले, तर हप्त्यासाठी उरले २,७०० रुपये. साडेबारा हजार कोठे आणि सत्तावीसशे कोठे!

मग या कुटुंबाने गाडीचे नावच काढू नये काय? तसे नाही. दोन वर्षे थांबून महिन्याचे ९,००० व काजूचे ६०,००० साठवले तर ३,३६,००० होतात. त्यांतले तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढे ५७,००० अडीनडीला राखून ठेवावेत. उरलेल्या २,७९,००० मध्ये सव्वा लाखाचे कर्ज मिळवले, की चार लाखांपर्यंतची गाडी घेता येते, मग ती वापरलेली असली तरी चालेल. अशी गाडी घेताना ओळखीच्या मेस्त्रीला दाखवावी आणि जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज सहसा जास्त असते हे हिशेबात धरावे. पुढे काजूचे पैसे येतील तसे मुदतीआधीच मुद्दलात भरावेत.

एक सावधगिरी. सुरुवातीला द्यायची रक्कम सोने गहाण ठेवून किंवा दुसऱ्याकडून उसनी आणू नये. तसे केल्यास एका गाडीवर दोन कर्जे होतात.

लहान हप्ता स्वस्त नसतो

विक्रेता हप्ता लहान करून दाखवतो, मुदत मात्र हळूच वाढवतो. सहा लाखांचे कर्ज, वर्षाला साडेनऊ टक्के व्याज घटत्या शिलकेवर, असे धरून हिशेब असा येतो :

तीन वर्षे : हप्ता सुमारे १९,२२०, एकूण व्याज सुमारे ९२,०००.
पाच वर्षे : हप्ता सुमारे १२,६००, एकूण व्याज सुमारे १,५६,०००.
सात वर्षे : हप्ता सुमारे ९,८००, एकूण व्याज सुमारे २,२४,०००.

हप्ता कमी दिसला तरी तीन वर्षांऐवजी सात वर्षे घेतल्यास सुमारे १,३२,००० रुपये अधिक जातात. पाच वर्षांत फिटण्यासारखे नसेल तर गाडी आपल्या ऐपतीबाहेरची आहे, असे आम्ही समजतो.

दुसरी फसगत ‘फ्लॅट’ व्याजाची. कोणी म्हणाला, “आमचे व्याज सातच टक्के, फ्लॅट,” तर सावध व्हावे. फ्लॅट म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण सहा लाखांवर. पाच वर्षांचे व्याज २,१०,००० आणि हप्ता १३,५००. घटत्या शिलकेच्या भाषेत हा दर सुमारे साडेबारा टक्के होतो. म्हणजे साडेनऊवाल्यापेक्षा हा सातवाला महाग! विचारायचे ते एवढेच : “व्याज घटत्या शिलकेवर का? आणि सगळे खर्च धरून वार्षिक दर किती?”

कर्ज मागे राहते, गाडी जुनी होते

जमीन कर्ज काढून घेतली तर तिची किंमत बहुधा वाढते. मोटारीची उतरते. विम्यासाठी किंमत ठरवताना गाडीला दोन वर्षे होऊन गेली की मूळ किमतीतून ३० टक्के वजा करतात. सहा लाखांची गाडी सगळी कर्जावर, सात वर्षांच्या मुदतीने घेतली असे समजा. दोन वर्षांनी बँकेचे येणे सुमारे ४,६७,००० असते, आणि गाडी अपघातात पूर्ण गेली तर विम्याचे मिळतात सुमारे ४,२०,०००. गाडी नाही आणि वर ४७,००० चे देणे! म्हणून किमतीचा निदान चौथा हिस्सा स्वतःचा असावा. कायद्याने सक्तीचा असलेला विमा केवळ दुसऱ्याच्या नुकसानीचा असतो. कर्ज असेपर्यंत आपल्या गाडीचाही विमा उतरवलेला असावा.

सही करण्यापूर्वी

ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी व वित्त कंपन्यांनी नव्या कर्जदाराला कर्जाचे मुख्य माहितीपत्रक दिलेच पाहिजे, आणि तेही त्याला समजणाऱ्या भाषेत. त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. ते मागून घ्यावे, घरी न्यावे, शिकलेल्या मुलीकडून वा मुलाकडून वाचून घ्यावे. मुदतीआधी पैसे भरल्यास दंड आहे काय, हे विचारावे. कोऱ्या कागदावर सही कधीही करू नये.

टॅक्सी म्हणून चालवायची असेल तर परवाना, टॅक्सीचा विमा व त्याच प्रकारचे कर्ज घ्यावे. खाजगी नोंदणीची गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

जामीन राहणाऱ्यांसाठी

आमच्या गावांत भिडेखातर जामीन राहण्याची रीत आहे. “फक्त सही हवी,” असे सांगतात. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर, मुख्य ऋणको जितका बांधील तितकाच जामीनही बांधील असतो. बँक आधी ऋणकोच्या मागे लागेल आणि मग आपल्याकडे येईल, अशा समजुतीवर राहू नये. हे कर्ज आपल्याला फेडावे लागले तर झेपेल काय, असे स्वतःला विचारावे. नसेल झेपत तर नम्रपणे नाही म्हणावे. त्याने नाते तुटत नाही. कोर्टाच्या नोटिशीने मात्र भावाभावांत बोलणे बंद झालेले आम्ही पाहिले आहे.

हप्ता थकलाच तर

लपून राहू नये. पहिला हप्ता चुकण्याआधीच बँकेत जाऊन अडचण सांगावी, मुदत वाढवून किंवा हप्ता बदलून मिळतो का ते लेखी विचारावे. एका कर्जासाठी दुसरे काढू नये. गाडी झेपत नसेल तर बँकेला सांगून, तिच्या संमतीने, वेळेवर विकलेली बरी. वसुलीसाठी गुंड पाठवून गाडी ओढून नेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बजावले आहे. बँकेकडे लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

आणि शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपले नाही. बँकेकडून ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ घेऊन वाहतूक खात्याच्या कार्यालयातून नोंदणी पुस्तकावरील कर्जाचा बोजा काढून घ्यावा, विमा कंपनीलाही कळवावे. नाहीतर पुढे गाडी विकताना अडते.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपले वाडवडील सांगत आले. आम्ही त्यात एवढीच भर घालतो, की अंथरूण मोजावे ते पावसाळ्यात. ज्या वाचकांना गाडी घ्यायची आहे त्यांनी आज रात्री जेवणानंतर घरच्या सर्वांना बसवून, गेल्या ऑगस्टमध्ये हातात किती उरले ते कागदावर लिहावे. त्या आकड्यात गाडीचा खर्च व हप्ता दोन्ही बसत असतील तर खुशाल बँकेत जावे. बसत नसतील तर तो कागद जपून ठेवून पुढच्या काजूनंतर पुन्हा पाहावा.