सरासरीच्या आड कोण राहते? वस्तीचे सर्वेक्षण करणाऱ्यांसाठी थोडे गणित

वस्तीच्या प्रश्नावर निवेदन द्यायला गेले की हल्ली पहिला प्रश्न येतो, "आकडेवारी आहे का?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आपले तरुण घरोघर फिरतात आणि उत्पन्न, शिक्षण, पाणी, शौचालय यांच्या नोंदी करतात. पण वह्या भरल्यावर निवेदनात बहुतेक वेळा एकच ओळ उतरते : "वस्तीचे सरासरी मासिक उत्पन्न इतके रुपये." ही ओळ आपल्या मागणीला बळ देऊ शकते, तशीच ती मागणी खोडून काढायलाही वापरता येते. त्यामुळे सरासरी कशी काढायची आणि तिचा अर्थ कसा लावायचा, हे कार्यकर्त्याला आलेच पाहिजे.

सरासरी म्हणजे काय?

सगळ्या संख्यांची बेरीज करायची आणि जितक्या संख्या आहेत तितक्याने भागायचे. शाळेच्या गणितात हिलाच मध्य म्हणतात. समजा, एका गल्लीत दहा घरे आहेत. त्यांचे मासिक उत्पन्न असे : ६,०००, ७,०००, ७,५००, ८,०००, ८,०००, ९,०००, ९,५००, १०,०००, १२,००० आणि ७३,००० रुपये. शेवटच्या घरात दोघे नोकरीला आहेत, बाकी घरे मजुरी, धुणीभांडी, रिक्षा यांवर चालतात. एकूण बेरीज १,५०,०००. भागिले दहा, म्हणजे सरासरी १५,००० रुपये.

गणित बरोबर आहे. आता यादी पुन्हा पाहा. १५,००० रुपये मिळवणारे घर या गल्लीत एकही नाही. दहापैकी नऊ घरे सरासरीच्या खाली आहेत. ही नऊ घरे सरासरीपासून जितकी खाली आहेत त्या सगळ्या फरकांची बेरीज केली तर ५८,००० येते, आणि दहावे घर एकटेच सरासरीच्या ५८,००० वर आहे. सरासरी हा तराजूचा काटा आहे. दोन्हीकडचे वजन सारखे होईल तिथे तो थांबतो. एका पारड्यात एकच जड वस्तू असली तरी काटा तिकडे सरकतो.

म्हणजे १५,००० या आकड्याचा खरा अर्थ असा : गल्लीतले सगळे उत्पन्न एकत्र करून सारखे वाटले असते, तर प्रत्येक घराला इतके मिळाले असते. पण तसे वाटप झालेले नाही. "या गल्लीतले लोक पंधरा हजार कमावतात" असे कोणी म्हणाले, तर न झालेले वाटप त्याने झालेले धरले आहे.

मध्यक सोबत ठेवा

यावर उपाय सोपा आहे. संख्या चढत्या क्रमाने लावा आणि मधली संख्या पाहा. तिला मध्यक म्हणतात. संख्या सम असतील तर मधल्या दोघींची सरासरी घ्यायची. आपल्या यादीत पाचवी ८,००० आणि सहावी ९,००० आहे, म्हणून मध्यक ८,५००. निम्मी घरे याच्या खाली, निम्मी वर. दहाव्या घराचे उत्पन्न ७३,००० ऐवजी दोन लाख झाले, तर सरासरी थेट २७,७०० वर जाईल, मध्यक मात्र ८,५०० च राहील.

मग सरासरी टाकून द्यायची का? नाही. एकूण रक्कम हवी असते तिथे सरासरीच कामाची. विहाराच्या वर्गणीचा अंदाज बांधायचा असेल, तर सरासरी वर्गणी गुणिले घरे, एवढ्यात हिशेब लागतो. मध्यकावरून तो लागत नाही. आपल्याला एकूण रक्कम हवी आहे की सर्वसाधारण घराची स्थिती हवी आहे, हे आधी ठरवावे लागते.

भागाकारात कोणाला धरले?

समजा, त्याच गल्लीत अकरावे घर एका वृद्ध मावशींचे आहे आणि त्यांना काहीच उत्पन्न नाही. फॉर्ममध्ये रकाना कोरा राहिला आणि संगणकाने तो सोडून दिला, तर सरासरी १५,००० च दिसेल. शून्य लिहिले तर १,५०,००० भागिले ११, म्हणजे सुमारे १३,६३६. कोरी जागा म्हणजे "माहिती नाही", शून्य म्हणजे "उत्पन्न नाही". या दोन्हींत गल्लत झाली की सर्वात गरीब माणूसच हिशेबातून बाहेर पडतो.

हे देशाच्या पातळीवरही पाहता येते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार भारतातील शेतजमिनीचे सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर होते. अनुसूचित जातींसाठी ते ०.७८ हेक्टर होते. एकूण धारकांपैकी सुमारे ८६ टक्के दोन हेक्टरांच्या आतले, आणि त्यांच्याकडे क्षेत्र मात्र सुमारे ४७ टक्के. एवढी विषमता १.०८ या एका आकड्यात दिसत नाही. आणि ज्यांच्या वाट्याला कसायला जमीनच नाही ते भूमिहीन मजूर या भागाकारात येतच नाहीत, कारण मोजणी जमीन कसणाऱ्यांची आहे. आपल्या समाजातील किती कुटुंबे या हिशेबाबाहेर राहतात, हे वेगळे सांगायला नको.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी नुसत्या आकारावरून जमीन किफायतशीर की तोट्याची हे ठरवायला नकार दिला. तिच्यावर राबणारे हात आणि लागलेले भांडवल यांच्या प्रमाणात ती पाहिली पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. आकडा कशाच्या संदर्भात वाचायचा, याचा हा धडा आजही उपयोगी आहे.

सरासरींची सरासरी काढू नका

एका वॉर्डात २० घरे, सरासरी १२,०००. दुसऱ्यात ८० घरे, सरासरी ८,०००. दोन्हींची मिळून सरासरी १०,००० नव्हे. पहिल्या वॉर्डाची बेरीज २,४०,०००, दुसऱ्याची ६,४०,०००. एकूण ८,८०,००० भागिले १००, म्हणजे ८,८००. जिथे घरे जास्त, तिथले वजन जास्त.

अभिमानाचा आकडाही तपासा

२०११ च्या जनगणनेत बौद्धांची साक्षरता ८१.२९ टक्के होती, देशाची सुमारे ७३ टक्के. हा आकडा आपण जयंतीच्या भाषणांत अभिमानाने सांगतो, आणि सांगावाच. पण टक्केवारी ही सुद्धा सरासरीच आहे. साक्षर व्यक्तीला १ आणि निरक्षर व्यक्तीला ० धरून काढलेली सरासरी शंभराने गुणली की टक्के मिळतात. या ८१.२९ च्या आत पुरुष ८८.३१ टक्के आणि स्त्रिया ७४.०४ टक्के आहेत. म्हणजे सात वर्षे व त्यापुढील वयाच्या दर चार बौद्ध स्त्रियांपैकी सुमारे एक तेव्हा निरक्षर होती. एकत्र आकडा सांगून थांबलो, तर तिच्यासाठी साक्षरता वर्ग सुरू करायचे कारणच उरत नाही.

पुढच्या सर्वेक्षणात एवढे करा

१. सरासरीसोबत मध्यक, सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकडा द्या.
२. एकूण किती घरे आणि किती घरांची माहिती मिळाली, हे दोन्ही लिहा.
३. उत्पन्न नसेल तर शून्य लिहा. माहिती मिळाली नसेल तर तसे स्पष्ट नोंदवा.
४. आकडा घराचा की माणशी, मासिक की वार्षिक, ते सांगा. दोघांच्या घरातले दहा हजार आणि सातजणांच्या घरातले दहा हजार सारखे नसतात.
५. स्त्री-पुरुष, भूमिधारक-भूमिहीन असे गट पाडून वेगळे आकडे काढा.

आणि समोरून कोणी "तुमच्या वस्तीची सरासरी तर चांगली आहे" असे म्हणाले, तर आपण शांतपणे दोन प्रश्न विचारायचे : बेरजेत कोण कोण आहे, आणि भागले कितीने? त्यासाठी आपली वही मात्र पक्की हवी. वरच्या गल्लीच्या निवेदनात मग ओळ अशी येईल : "अकरापैकी दहा घरांचे मासिक उत्पन्न बारा हजार किंवा त्याहून कमी आहे, एका घराला काहीच उत्पन्न नाही." असे निवेदन सरासरी दाखवून परत पाठवता येत नाही.

जय भीम!