वधूवरांची खोली, पण लग्न कुणाचं?

आज उत्तर इटलीतल्या मांतुआ शहरात जाऊ. तिथल्या सान जॉर्जो किल्ल्याच्या बुरुजात साधारण आठ मीटर लांबीरुंदीची एक खोली आहे. आंद्रेआ मान्तेन्यानं १४६५ ते १४७४ या काळात ती रंगवली. काही भाग ओल्या गिलाव्यावर, म्हणजे खरा फ्रेस्को, आणि काही कोरड्यावर. 'कामेरा देल्यी स्पोझी', म्हणजे वधूवरांची खोली, हे तिचं प्रसिद्ध नाव. ते ऐकून आपण भिंतीवर वरात शोधायला लागतो. ती तिथं नाहीच! नाव मागाहून पडलं. मान्तेन्याच्या काळात तिला नुसती 'रंगवलेली खोली' म्हणत.

मग आहे काय? शेकोटीच्या वर लुडोविको गोंझागा हातात पत्र घेऊन बसलाय, खुर्चीखाली कुत्रा. जवळच पत्नी बार्बारा, भोवती मुलं आणि दरबारी. यांचं लग्न १४३३ सालचं, म्हणजे कुंचला भिंतीला लागला तेव्हा संसाराला बत्तीस वर्षं झाली होती. बार्बारा लग्नात अकरा वर्षांची, सम्राट सिगिस्मुंडच्या नात्यातली. आणि त्याच वर्षी सम्राटानं गोंझागांना मार्क्विस ही पदवी दिली. सोयरीक आणि सरदारकी हातात हात घालून आल्या म्हणा ना. दारावरच्या लेखात मान्तेन्यानं आपलं काम दोघांना अर्पण केलंय, बार्बाराला स्त्रियांचं अतुलनीय भूषण म्हटलंय. लग्नाचा गौरव म्हणायचा तर तो एवढाच. मला तो पुरेसा वाटतो.

लेकींचं मात्र तसं झालं नाही. थोरल्या सुझान्नाची मिलानच्या गालेआत्सो मारिया स्फोर्झाशी सोयरीक ठरली होती. तिच्या पाठीला बाक दिसू लागला, सोयरीक मोडली. ती मठात गेली. तिच्या जागी धाकटी दोरोतेआ पुढे केली. मिलानकरांनी इतकी टाळाटाळ केली की १४६७ मध्ये ती बिचारी लग्नावाचूनच वारली.

आणि गंमत ऐका. पुढे याच गालेआत्सोनं तक्रार केली, की खोलीत सम्राट आहे, डेन्मार्कचा राजा आहे, मग मी का नाही? आता डेन्मार्कचा राजा म्हणजे बार्बाराच्या बहिणीचा नवरा, लुडोविकोचा साडू. तो आपल्या नात्यानं भिंतीवर आला होता. जावई व्हायचं तर यानंच टाळलं होतं!